पाणकावळ्यांच्या बेटावरचा ओटा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

शी! ती बत्ती पुन्हा घरात आली.

मला वाटलं होतं, हे गेले तशी तीही गेली. पण सवत चिवट असते. संध्याकाळी शुभ्रा ऑफिसातून आली, बॅग सोफ्यावर फेकली आणि म्हणते, “आजी, गेस व्हॉट! आजोबांचं लाइटहाउस आम्हाला मिळालं!”

मिळालं म्हणे. जशी काही मी शोधतच होते.

शुभ्रा माझी नात. इथे शारजातच वाढली. जुन्या इमारती नीट करणाऱ्या ऑफिसात आहे. आता त्यांना ते बेट दिलंय नीट करायला. बेटाचं अरबी नाव माझ्या जिभेवर बसत नाही. हे पाणकावळ्यांचं बेट म्हणायचे, तेच बरं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझा नवरा त्या बेटावर बत्ती सांभाळायला गेला आणि अर्धा म्हातारा होऊन परत आला. मी देवगडजवळ आमच्या वाडीत बसले. कंपनी बायकांना बेटावर येऊ देत नव्हती. बत्ती तेवढी चालत होती!

मी म्हटलं, “जळू दे मेली.”

“आजी, दॅट्स इट्स जॉब,” म्हणते कार्टी. आणि हसते.

हे मी कोणाला सांगत नाहीये. फोनला सांगतेय. शुभ्रानंच करून दिलंय — बटण दाबायचं, बोलायचं. तो लिहितो, तारीखही तोच टाकतो. मला एक अक्षर येत नाही, म्हणजे मी काय लिहिलं ते मलाच वाचता यायचं नाही. ह्याहून गुप्त रोजनिशी कुणाची असेल?

४ नोव्हेंबर, मंगळवार

सुनेनं, मंजुषानं, बांगडे एअर फ्रायरमध्ये केले. बिचाऱ्यांनी दोनदा जीव दिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घरी यम्ना म्हणून एक बाई आली. इथलीच, अरबी. सरकारच्या जुन्या वास्तू तिच्या हाताखाली. काळा झगा, मनगटात घड्याळ, अत्तर असं की माझ्या कांदेपोह्यांचा वास घाबरून बाहेर गॅलरीत जाऊन बसला. पण बोलली गोड. हिंदी येते तिला, सिनेमे बघून शिकली. “दादी, आप जैसे याद है वैसे बोलिए.” समोर यंत्र ठेवलं.

म्हणे, त्या बेटावर काम केलेल्या माणसांच्या घरचं कोणी उरलेलं नाही. मीच एक. म्हणून मी साक्षीदार. मी! जिनं ते बेट डोळ्यांनी पाहिलेलं नाही!

पहिलाच प्रश्न — नाव सांगा त्यांचं.

मी पोह्यांची बशी पुढे सरकवली.

राजन मध्ये पडला. “आई, ऑफिशियल आहे. घे ना नाव.” माझा मुलगा पन्नाशी उलटलेला, दुबईत एवढी माणसं हाताखाली, आणि आईला नवऱ्याचं नाव घ्यायला सांगतो! उखाण्यात घेतलं होतं एकदा लग्नात, सगळ्या बायकांनी दार अडवलं म्हणून. नंतर घेतलं नाही, गेल्यावरही नाही. शेवटी शुभ्रानं सांगितलं. यम्ना हसली नाही. तिच्या आजीचंही तसंच होतं म्हणाली. ही बाई मला जरा आवडायला लागली होती, तेवढ्यात तिनं पिशवीतून एक फोटो काढला.

फोटोत एक खोली. बुरुजाला चिकटून बांधलेली, काळी, घाण. आत दगडाचा ओटा. शुभ्रा म्हणाली, “आजी, हे किचन ओरिजिनल ड्रॉइंगमध्ये नाहीये. नंतर कुणीतरी बांधलंय. आजोबांनी बांधलं असेल का?”

मला हसू आलं. मग राग आला. ह्यांनी? ह्यांना पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागायचा! आमच्या घरातले पुरुष चुलीकडे फिरकत नसत. जेवण झालं की ताट तिथेच सोडून उठायचे, त्यातच हात धुवायचे — शी, अजून डोळ्यांपुढे येतं. असला माणूस ओटा बांधेल?

“हे नहीं बांधा,” मी सांगितलं. “उनको चाय भी नहीं आती. तोड डालो.”

यम्नानं शुभ्राकडे पाहिलं. शुभ्राचा चेहरा उतरला, का ते कळलं नाही. मग यम्ना म्हणाली, “खलास. तो फिर निकाल देंगे.”

निकालो. माझं काय जातंय?

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. शुभ्रानं लॅपटॉप उघडला आणि सवतीचं सगळं कूळ माझ्यापुढे मांडलं. मी मटार सोलत होते, म्हणून ऐकलं.

शंभराच्या वर वर्षं झाली म्हणे तिला. आधी तिथे नुसता खडक होता. पाण्याखाली धारदार कडा, वर चार बोटं पाणी. गलबतं आपटायची, माणसं बुडायची. कोणाला काही नाही. मग एकदा घोडे भरलेलं जहाज आपटलं. बसऱ्याहून मुंबईला चाललेले किमती घोडे. सगळे बुडाले. तेव्हा आगबोटवाल्या गोऱ्या कंपनीला दया आली आणि बत्ती बांधली! माणसं बुडाली तेव्हा अंधार, घोडे बुडाले तेव्हा उजेड. वीट आला मला ऐकून.

बांधली ती मात्र बरी बांधली असावी. बरी म्हणतेय, चांगली नाही. तळाला भिंत एवढी जाड की आत माणूस आडवा झोपेल. वर जाता जाता बारीक होत जाते, उपडा पेला ठेवावा तशी. दगड समुद्रातलाच, पोवळ्याचा. ओहोटीला कापायचा आणि मीठ निघून जाईपर्यंत उन्हात ठेवायचा. म्हणून तो हलका, भोकाभोकांचा, आणि उन्हाळ्यात आत गार. चुना नाही, इथली भाजलेली पांढरी माती. वरची टोपी लोखंडाची, विलायतेहून खोक्यांतून आलेली. एकेका तुकड्यावर आकडा ठोकलेला, नुसते जुळवत जायचे. आणि आत ते भिंग. शुभ्रानं फोटो दाखवला. कापलेल्या कांद्यासारखं, पाकळीत पाकळी, माणसापेक्षा उंच.

“आणि हे फिरायचं कसं माहितेय? बुरुजाच्या मधून साखळीला वजन लटकायचं, घड्याळासारखं. कीपर हातानं किल्ली द्यायचा. सगळी रात्र.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

हे रजेवर यायचे ना, तेव्हा झोपेत उजवा हात गोल गोल फिरवायचे. मला वाटायचं दळण दळतायत, का होडी वल्हवतायत. विचारलं तर म्हणायचे, “काही नाही, झोप.” आज कळलं! माझ्या शेजारी झोपून तिला किल्ली देत होते! किळस आली. एवढी किळस मला आयुष्यात कुठल्या बाईची आली नव्हती.

शुभ्राला सांगितलं नाही. तुला सांगतेय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज कंबर धरली. पाटावरून उतरताना.

इथल्या स्वयंपाकघराचा ओटा माझ्या छातीशी येतो. देवानं मला बांधताना दगड कमी पडले, त्याला मी काय करू? म्हणून गावाहून आणलेला पाट ओट्यापुढे ठेवलाय. त्यावर उभी राहून मी कांदा चिरते. मंजुषा दर वेळी ओरडते, “आई, पडाल! बसा, मी करते.” आरामात बसायला मी काय पाहुणी आहे? मी म्हटलं, “पडले तर तुझा फ्रायर रिकामाच असेल, त्यात घाल.” ती हसली. सून वाईट नाही. फक्त हळद घालते ती दिसत नाही.

ओट्यावरून आठवलं. लग्न झाल्यावर हे मला मुंबईला त्यांच्या मावशीकडे घेऊन गेले होते. गिरगावात. मावशी उभ्यानं स्वयंपाक करत होती! कडाप्प्याचा ओटा, त्यावर स्टोव्ह, बाई ताठ उभी आणि पदर खांद्यावर. मी बघतच राहिले. आमच्याकडे चुलीपुढे उकिडवं बसायचं, धूर खायचा, उठताना भिंतीला धरायचं. परतताना बोटीवर मी ह्यांना म्हटलं, “मला तसा ओटा हवा. उभ्याचा. माझ्या उंचीचा.”

हे म्हणाले, “हं.”

झालं. तेवढंच. मग आखातात गेले. पैसे आले, कौलं आली, रेडिओ आला, राजनसाठी चालणारी आगगाडी आली. ओटा नाही आला! गुडघे गेले माझे त्या चुलीपुढे. शेवटी राजननं बांधून दिला, तो गवंड्याच्या उंचीचा. तेव्हापासून पाट. म्हणजे आयुष्यभर एक तर खाली बसून, नाही तर वर चढून. जमिनीवर उभी राहून म्हणून मी कधी स्वयंपाक केला नाही.

आणि हे परत आले ते कंबरेतून वाकलेले. एवढा ताड माणूस! आमच्या दारात डोकं आपटायचं त्यांचं. घरातल्या खुंट्या सगळ्या स्वतःच्या उंचीला ठोकलेल्या, माझा हात पोचायचा नाही. असा माणूस वाकून आला. वैद्य म्हणाले, जिने चढून. मी म्हणायचे, “बत्तीला नमस्कार घालून घालून.” हे काही बोलायचे नाहीत. तेल लावून घ्यायचे आणि गप्प पडायचे. त्या तेलाचा वास माझ्या बोटांना अजून येतो. नको तो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शुभ्रा कळवळून सांगत होती. कन्सल्टंट साहेबानं कागद काढलाय — किचन पाडणार. बत्ती जशी गोऱ्यांनी बांधली तशीच दिसली पाहिजे. आणि किचनच्या जागी काय? कॉफीचं दुकान! गोऱ्यांनी कॉफीचं दुकान बांधलं होतं वाटतं?

“हाऊ मच असेल कॉफी?” राजननं विचारलं.

“अठ्ठावीस दिरहम.”

“म्हणजे साडेसहाशेच्या वर!” मी म्हटलं. एवढ्यात रोल्लाच्या बाजारात चौघांचं जेवण होतं आणि वर पान.

शुभ्रा हसली नाही. म्हणाली, “आजी, तू म्हणालीस आजोबांनी बांधलं नाही. नाही तर मी लढले असते. कीपरनं बांधलंय असं प्रूव्ह झालं तर ते पाडू शकत नाहीत. तेही हिस्टरी आहे. अँड इट्स सो वीअर्ड, ओटा इतका खाली आहे. साहेब म्हणतो, बॅड वर्कमनशिप.”

म्हटलं, बॅडच असणार. आणि आमच्या ह्यांनी केला असता तर छताला लागला असता.

१६ नोव्हेंबर, रविवार

मला बेटावर नेणार. मंगळवारी. यम्नाची कल्पना — दादीचा फोटो हवा बत्तीपुढे. राजन म्हणाला, “आई, इन्शाल्ला समुद्र शांत असेल.” मुलगा माझा, इन्शाल्ला त्यांचं, आणि ओकणार मी.

जाणार आहे. सवतीचं तोंड एकदा बघून घेते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आले परत. अंघोळ केली, डोक्यावरून केली, तरी वास जात नाही.

आधी गाडीत बसले ती बसलेच. अजमानच्या रस्त्याला गाड्या अशा थांबल्या होत्या की मी ड्रायव्हरला म्हटलं, “यल्ला, चल बाबा, नाही तर इथेच बत्ती बांधा.” मग बोट. दोनदा ओकले. शुभ्रानं पाठ चोळली आणि तिसऱ्यांदा ती ओकली. जरा बरं वाटलं.

आणि मग बेट. शी शी शी! हजारो पाणकावळे. काळे, ओले, माना वर करून बसलेले, खाली त्यांची घाण, खडक पांढरा त्यानंच झालेला. मेलेले मासे, कुजलेली अंडी, आणि वर ऊन. पदर नाकाला लावला तर पदराला वास. मनात आलं, हे ह्यात राहिले? इथे जेवले? रजेवर यायचे तेव्हा मी ह्यांचे कपडे विहिरीवर काठीनं उचलायचे, आणि हे हसायचे. आता कळलं का हसायचे.

बत्ती उभी होती. फोटोपेक्षा बुटकी. तिला नवा पांढरा रंग फासलाय आणि मग तो जुना दिसावा म्हणून घासून घासून काढलाय! म्हातारीला पावडर लावून वर सुरकुत्या काढाव्यात तसं. आत मात्र गार. खरंच गार. भिंतीला हात लावला तर बोटाखाली भोकं भोकं, पोळ्यासारखी. लोखंडी जिना वर वर गोल जात होता, आणि मधोमध ती साखळी जायची ती पोकळ जागा. मी दोन पायऱ्या चढले आणि उतरले. म्हटलं, वर ती आहे, तिथेच असू दे.

कन्सल्टंट साहेब टाय लावून आला होता. पाणकावळ्यानं त्याच्या टायवर केलं. आजच्या दिवसात तेवढंच एक चांगलं झालं.

उन्हातून पळून मी त्या किचनमध्ये शिरले. छत काजळीनं काळं. लियाकत म्हणून पेशावरचा म्हातारा मुकादम आहे, त्याची माणसं दुपारचं रांधत होती. ओट्यावर कांद्यांचा ढीग, आणि दोन धिप्पाड माणसं वाकून वाकून, कण्हत, एवढाले ओबडधोबड तुकडे करत होती. बघवेना.

“हे कांदा है के फत्तर? सरको!”

लियाकत म्हणाला, “माँजी, ये किसी बच्चे के लिए बना होगा. कमर टूट जाती है. कल सुबह मशीन चलेगी, किस्सा खतम.”

“यहाँ पकाता कौन था?” मी विचारलं.

“बत्ती वाले ख़ुद, माँजी. और कौन आएगा यहाँ?”

म्हणजे हे! म्हणजे हे रांधत होते! कांदा चिरत होते, भाकऱ्या थापत होते, डाळ शिजवत होते — आणि घरी आले की “पाणी दे गं”! माझ्या डोक्यात अशी सणक गेली! जन्मभर ताट समोर लागतं तेव्हा बसणारा माणूस, आणि इथे स्वयंपाकी! मी सुरी घेतली आणि रागारागानं सगळा ढीग चिरला. बारीक. भराभर. असा हात कितीतरी वर्षांत चालला नव्हता, रागाचं बळ दुसरं काय. ती माणसं तोंडं उघडी टाकून बघत होती. मग डाळीला फोडणी दिली, त्यांच्या लसणीची. लियाकतनं बोट चाटलं आणि आकाशाकडे बघितलं.

यम्ना दारात आली. “दादी, एक बार फिर पूछती हूँ. ये उन्होंने बनाया था?”

मी म्हटलं, “पकाते थे, वो आज मालूम पडा. बनाया होगा तो अपने कद का बनाते. तोडो.”

शुभ्रा बाहेर निघून गेली. बोटीत माझ्या शेजारी बसली नाही, पुढे जाऊन बसली. मंजुषा म्हणते, तिनं साहेबाशी चार दिवस भांडून पाडायचा दिवस पुढे ढकलून घेतला होता. कशासाठी? एका वाकड्या ओट्यासाठी. आणि मी तोंडावर पाडलं तिला. असो. खरं तेच सांगितलं.

एवढं ओकून, उभं राहून, चिरून, फोडणी देऊन माझी कंबर मात्र आज दुखत नाही. हेही नवलच.

१९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

चहाला आलं चेचायला उठले. पाटावर पाय ठेवला आणि तशीच राहिले.

काल पाट नव्हता.

पायरी नव्हती, स्टूल नव्हतं, काही नव्हतं. दोन्ही पाय जमिनीवर होते. कोपर वाकतं तिथे ओटा होता. माझं कोपर. त्या मेल्या खडकावर, समुद्राच्या मध्ये, माझ्या उंचीचा. मला आणायची परवानगी मागितली असणार, मिळाली नसणार. बोलले नाहीत. आणि मग बांधलेला मोडवेना, म्हणून तो ताड माणूस परत येईपर्यंत त्यावर वाकून रांधत राहिला.

शुभ्राला हलवून उठवलं. फोन लाव म्हटलं, आत्ता, आधी फोन. लियाकत म्हणाला, मशीन बोटीतून उतरतंय. “हात मत लगाना!” मी ओरडले. मग यम्ना लाइनवर आली, तिचं तेच, शांत, “दादी, रिकॉर्ड के लिए. किसने बनाया? किसके लिए?”

“मेरे लिए,” मी म्हटलं. “लिखो. मुरलीधर ने.”

उखाणा नाही, काही नाही. नुसतं नाव.